बर्नार्डच्या ताऱ्याचे चार ग्रह आणि एक भास

‘शेजारच्या ताऱ्याभोवती दुसरी पृथ्वी’ हा फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो. बर्नार्डच्या ताऱ्याबाबत तो साफ चुकीचा आहे. भुजंगधारी तारकासमूहातला हा लाल बटू (सूर्यापेक्षा लहान आणि थंड) तारा आपल्यापासून 6 प्रकाशवर्षांवर आहे. 2024-25 मध्ये त्याचे चार ग्रह पक्के झाले, पण चौघांचंही वर्ष सात दिवसांच्या आतलं. ताऱ्याच्या इतक्या जवळ समुद्र टिकत नाहीत.

हे ग्रह दिसत नाहीत. त्यांच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे होतो आणि त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा सरकतात. ताऱ्याचा हा वेग सेकंदाला फार तर अर्धा मीटर, म्हणजे गोदाघाटावर रमतगमत चालणाऱ्याच्या निम्मा. चिलीतल्या ‘एस्प्रेसो’ या वर्णपट मोजणाऱ्या उपकरणात त्याने रेषा पिक्सेलच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकी हलते. म्हणून उपकरण निर्वात टाकीत, अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत स्थिर तापमानात ठेवतात आणि हजारो रेषा एकत्र मोजतात. (ग्रह ओळखू येतो तो वस्तुमानामुळे. कालसर्पाच्या धास्तीने त्र्यंबकला खर्च करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं: राहू-केतू हे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला (सूर्याच्या आकाशातल्या भासमान मार्गाला) छेदते ते नुसते बिंदू आहेत. त्यांना वस्तुमानच नाही.)

एवढी काळजी घेऊनही 2018 मध्ये 233 दिवसांचं वर्ष असलेला एक ग्रह जाहीर झाला आणि 2021 मध्ये तो बाद ठरला. दोष ताऱ्यावरच्या डागांचा. तारा फिरताना त्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. येणाऱ्या कडेवर डाग असला की तिथला निळ्या रंगाकडे सरकलेला प्रकाश कमी पडतो, आणि तारा जागचा न हलताही दूर जातोय असं भासतं. डाग पलीकडच्या कडेला पोचला की उलट. ताऱ्याची स्वतःभोवतीची एक फेरी सुमारे 145 दिवसांची. त्यात डिसेंबरच्या सुमारास तो आकाशात सूर्याच्या बाजूला येतो, नोंदींत दरवर्षी खंड पडतो, आणि गणितात खोटा काळ उगवतो: 1/145 वजा 1/365, म्हणजे जवळपास 1/240, अर्थात 233 च्या जवळचे 240 दिवस. डाग बनतात, विरतात आणि वेगवेगळ्या रंगांत कमीजास्त परिणाम दाखवतात; ग्रहाची ओढ सगळ्या रंगांत सारखीच असते. खरं-खोटं निवडायला हीच कसोटी.

नाशिकहून हा तारा जून-जुलैत मध्यरात्रीच्या सुमारास डोक्याजवळ येतो, पण तेव्हा ढग. त्यापेक्षा मे महिन्याची उत्तररात्र किंवा ऑक्टोबरची संध्याकाळ बरी. प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितका तारा मंद) 9.5, म्हणजे शहराच्या दिव्यांपासून दूर, पेठ रस्त्याला चार इंची दुर्बीण पुरते. 200 मिमी लेन्सने दरवर्षी त्याच भागाचा फोटो घ्या. तारा वर्षाला 10.4 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतो. 4 मायक्रॉनच्या पिक्सेलवर ते अडीच पिक्सेल होतात.