उन्हात ठेवलेलं चित्र

११ मे १६१०. इटलीतल्या नेपल्सहून लान्फ्रांको मासा हा मुखत्यार आपल्या मालकाला, जेनोव्हाच्या मार्कान्तोनियो दोरिया या धनिकाला, कळवतो: चित्र या आठवड्यात पाठवणार होतो, पण नीट वाळावं म्हणून काल उन्हात ठेवलं, तर वार्निश उलट मऊच पडलं. चित्रकार काराव्हाज्जो ते फार जाड लावतो ना!

हे चित्र म्हणजे ‘संत उर्सुलाचं हौतात्म्य’. ते कुणी रंगवलं, हा वाद १९८० साली हे पत्र छापून आल्यावर मिटला. मला मात्र त्यातली उन्हाची तक्रारच जास्त मोलाची वाटते.

पापड उन्हात वाळतो, कारण त्यातलं पाणी उडून जातं. वार्निश म्हणजे मुळात झाडाची राळ, तेलात किंवा टर्पेंटाइनसारख्या द्रवात विरघळवलेली. थर जाड असला की वर साय धरते आणि आतला ओलावा अडकून बसतो. शिवाय राळ एका ठरावीक तापमानाला वितळत नाही; ऊब लागली की गुळाच्या ढेपेसारखी हळूहळू सैल होत जाते. मासाने नेमकी तीच ऊब दिली.

खालच्या तैलरंगाची गोष्ट वेगळी. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून घट्ट जाळं बनतं. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बरणीवर जुने ओघळ चिकटून बसतात, ओल्या फडक्याने निघत नाहीत, ते याच प्रकारामुळे. मात्र याला महिनोन्‌महिने लागतात, आणि मासा तर चित्र आठवड्याभरात पाठवायला निघाला होता.

चित्रात हूणांच्या राजाने हातभर अंतरावरून बाण सोडलाय. लग्नाला नकार देणारी उर्सुला छातीत रुतलेल्या बाणाकडे खाली मान घालून बघते आहे. किंकाळी नाही, रक्ताचा पूर नाही. तिच्या मागून मान उंचावून पाहणारा चेहरा खुद्द काराव्हाज्जोचा. दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, तो वारला.

पुढे या कॅनव्हासवर इतरांनी रंगाचे हात फिरवले. २००३-०४ मध्ये रोममध्ये जीर्णोद्धार करताना वरचे थर काढले, तेव्हा राजा आणि उर्सुला यांच्या मधोमध एक पंजा उघडा पडला. बघ्यांपैकी कुणीतरी बाण अडवायला पुढे केलेला, बोटं फाकलेली. बाण त्याआधीच सुटलेला.