‘तीस टक्के बदल केला की चित्र आपलं’? असा नियम नाही

हाताने केलेल्या वस्तू विकणाऱ्यांमध्ये हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. कोणी तीस टक्के म्हणतं, कोणी वीस. कॉपीराइट कायद्यात असं टक्क्यांचं माप नाहीच. फुलाचा रंग बदलला, दोन पानं वाढवली, तरी ते मूळ चित्रावरच बेतलेलं राहतं, आणि तसं बेतण्याची परवानगी देण्याचा हक्क मूळ चित्रकाराचा. © चिन्ह नाही म्हणून चित्र मोकळं, हेही चूक. 1886च्या बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, सामील देशांत चित्र काढताक्षणी हक्क लागू होतो, नोंदणीची अट नाही.

खरा घोळ ‘फ्री’ या शब्दाचा आहे. फुकट उतरवलेल्या फॉन्टची, म्हणजे अक्षरशैलीची, झिप फाइल उघडा. आत बहुतेकदा एक छोटी टेक्स्ट फाइल असते, जी आपण कधीच वाचत नाही. तिथे ‘पर्सनल यूज’ लिहिलं असेल, तर त्या अक्षरांत छापलेला कप विकायचा नाही, भेट द्यायला हरकत नाही. ‘एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स’ हा फॉन्टचा खुला परवाना असेल तर खुशाल विका, फक्त तो फॉन्ट नुसताच विकता येत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांमध्ये ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल) दिसलं, की धंद्यासाठी नाही.

पैसे मोजले तरी मिळतो तो वापराचा परवाना, मालकी नव्हे. काही परवान्यांत किती नग विकायचे याचीही मर्यादा असते. मला विचाराल तर खरेदीच्या दिवशीच परवान्याची प्रत पावतीसोबत जपून ठेवा. शंका असेल तर चित्रकाराला सरळ विचारा. तोही आपल्यासारखाच हाताच्या कामावर जगतो.