ऑपरेटिंग सिस्टिमचे स्थलांतर

एका संगणकावर बसवलेली ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातील प्रोग्रॅम, सेटिंग आणि वापरकर्त्यांच्या खात्यांसह, नव्याने इन्स्टॉल न करता, दुसऱ्या संगणकावर चालती करणे. यासाठी मूळ डिस्कच काढून दुसऱ्या यंत्रात लावतात, तिचा क्लोन (हुबेहूब प्रत) करतात किंवा इमेज फाइल (सगळी डिस्क एका फाइलीत) बनवून ती नव्या डिस्कवर उतरवतात. केवळ फाइली नव्या इन्स्टॉलेशनमध्ये नेण्यालाही काही जण स्थलांतर म्हणतात. तो अर्थ येथे घेतलेला नाही.

एमएस-डॉसच्या काळी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. डॉस हार्डवेअरशी बहुतांशी बायोस या यंत्रातच असलेल्या मूलभूत प्रोग्रॅममार्फत व्यवहार करी. सिस कमांडने सिस्टिम फाइली नव्या डिस्कवर उतरवून बाकीच्या कॉपी केल्या की भागे. विंडोज एनटी (१९९३) व तिच्या वंशातील सिस्टिमचे तसे नाही. डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलरचा ड्रायव्हर (त्याच्याशी व्यवहार करणारा प्रोग्रॅम) सुरुवातीलाच लागतो. नव्या यंत्रातील कंट्रोलर निराळा असला तर सिस्टिमला स्वतःची डिस्कच वाचता येत नाही आणि निळ्या पडद्यावर ७बी हा त्रुटिक्रमांक येतो. पुष्कळदा फर्मवेअरमधील (यंत्राच्या मूळ सेटिंगमधील) एएचसीआय व रेड या डिस्क हाताळण्याच्या पद्धतींतील निवड जुन्या यंत्राप्रमाणे केली की काम भागते. विंडोज एक्सपीपर्यंत हार्डवेअर अ‍ॅबस्ट्रॅक्शन लेयरही (सिस्टिम व हार्डवेअर यांमधला थर) जुळावा लागे. व्हिस्टापासून ती अडचण बरीच कमी झाली.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नल या सिस्टिमच्या गाभ्यासोबतच येतात, म्हणून स्थलांतर तुलनेने सोपे. मात्र इनिटरॅमएफएस (बूट होताना प्रथम चढणारी तात्पुरती फाइल सिस्टिम) हा जुन्या यंत्रापुरताच बांधलेला असल्यास तो पुन्हा बांधावा लागतो. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कोठे जोडायची या यादीत) डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी हा ओळखक्रमांक असणे बरे. यूईएफआय (बायोसची जागा घेतलेले फर्मवेअर) असलेल्या यंत्रांत बूटची नोंद मदरबोर्डवरील स्मृतीत असते, ती डिस्कबरोबर जात नाही.

प्रत काढण्याचे जुने साधन म्हणजे युनिक्समधील डीडी ही कमांड. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धापासून ते आढळते. ‘कॉपी अँड कन्व्हर्ट’ची आद्याक्षरे सीसी ही सी कंपायलरने आधीच घेतल्याने पुढचे अक्षर वापरले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते, ती चटकदार असली तरी मागाहून रचलेली दिसते. आयबीएमच्या मोठ्या संगणकांना कामे नेमून देणाऱ्या जेसीएल भाषेतील ‘डेटा डेफिनिशन’ या विधानावरून नाव आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इतर युनिक्स कमांडपेक्षा वेगळी अशी डीडीची ‘आयएफ=’, ‘ओएफ=’ (कोठून वाचायचे, कोठे लिहायचे) धाटणी त्याला पुष्टी देते.

सर्वाधिक वाद झाला तो यंत्राच्या ओळखीवरून. एनटी वंशातील प्रत्येक इन्स्टॉलेशनला एसआयडी हा सुरक्षा-ओळखक्रमांक मिळतो आणि क्लोनमध्ये तोच उतरतो. एका नेटवर्कवर दोन यंत्रांचे एसआयडी सारखे असणे धोक्याचे, अशी समजूत दीर्घकाळ होती. तो बदलण्यासाठी न्यूएसआयडी हे साधन वापरले जाई. त्याचे एक कर्ते मार्क रुसिनोविच यांनीच २००९ मध्ये ते मागे घेतले. यंत्राचा एसआयडी त्या यंत्राबाहेर ओळख पटवण्यासाठी वापरलाच जात नाही, तेव्हा डोमेन कंट्रोलरचा (नेटवर्कची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरचा) अपवाद वगळता पुनरावृत्ती निरुपद्रवी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मायक्रोसॉफ्टने अधिकृतपणे मात्र सिसप्रेप या क्लोनपूर्वी यंत्राची ओळख पुसणाऱ्या साधनाचाच आग्रह कायम ठेवला. त्या वेळच्या आवृत्त्यांपुरते रुसिनोविच यांचे म्हणणे सयुक्तिक दिसते. परंतु ऑगस्ट २०२५ अखेरच्या अपडेटपासून विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत व सर्व्हर २०२५ मध्ये सारख्या एसआयडीच्या यंत्रांमधील कर्बेरोस व एनटीएलएम या पद्धतींचे प्रमाणीकरण (ओळख पटवणे) नाकारले जाऊ लागले, त्यामुळे जुना सावधपणा पुन्हा लागू पडतो. मूळ यंत्र कायमचे बंद होणार असेल तर हा वाद गैरलागू. लिनक्समध्ये मशीन-आयडी (यंत्राचा ओळखक्रमांक) व एसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या होस्ट कीज यांबाबत हीच खबरदारी घेतात.

परवाना हा वेगळा भाग. एक्सपीपासून (२००१) अ‍ॅक्टिव्हेशन (परवान्याची पडताळणी) हार्डवेअरशी निगडित आहे. यंत्रासोबत आलेला ओईएम परवाना सामान्यतः त्याच यंत्रापुरता असतो, किरकोळ विक्रीचा हलवता येतो. बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-एनक्रिप्शनची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये बंदिस्त असल्यास दुसऱ्या यंत्रावर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आधी जवळ ठेवावी किंवा एनक्रिप्शन काढावे.

मॅकवर हल्ली नव्या सिस्टिममध्ये प्रोग्रॅम, खाती व फाइली नेणाऱ्या मायग्रेशन असिस्टंटचाच मार्ग प्रचलित आहे. प्रोसेसरचे कूळ बदलले, उदाहरणार्थ एक्स८६ वरून आर्मवर जायचे असले, तर तयार इन्स्टॉलेशन उचलून नेता येत नाही.