इंजिनाच्या तोंडाशी दुसरी झडप कशाला?

मागच्या पावसाळ्यात एका मित्राने सेकंडहॅन्ड ६५० सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची बाइक, घेतली आणि म्हणाला जरा चालवून बघ, काहीतरी विचित्र वाटतंय. सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवरच कळलं. पहिल्या गिअरला मूठ जराशी पिळली की गाडी आधी क्षणभर गुदमरायची आणि मग एकदम हिसका देऊन पुढे, मूठ सोडली की तेवढ्याच जोरात नाक खाली. रविवारी टाकी उचलली, एअरबॉक्स काढला, थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या नळ्यांत, टॉर्च मारला तर वरच्या बाजूचा दांडा नुसताच, त्यावरच्या पितळी रंगाच्या गोल चकत्या, म्हणजे दुसरी झडप, गायब! आधीच्या मालकाला कुणीतरी सांगितलेलं की ह्या चकत्या हवा अडवतात, काढून टाक, पिकअप वाढेल.

हा गैरसमज फार पसरलाय म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

साध्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हवेच्या वाटेवर एकच बटरफ्लाय असतो, म्हणजे मधोमध दांड्यावर फिरणारी चकती, आणि ती केबलने थेट तुमच्या मुठीला बांधलेली असते. ज्या गाड्यांत दुसरी झडप असते तिथे ह्या चकतीच्या अलीकडे, एअरबॉक्सच्या बाजूला, तशीच आणखी एक चकती असते पण तिला केबल नाही, तिला एक छोटी मोटर फिरवते आणि मोटरला हुकूम देतो ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक. तुमची मूठ किती उघडी आहे, इंजिनाचा आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) किती आणि बऱ्याच गाड्यांत गिअर कितवा, हे बघून तो ठरवतो की दुसरी चकती किती उघडायची.

आता हे कशासाठी ते आकड्यात बघू. कावासाकीची निन्जा ३०० घ्या, ही चाकणला तयार होते, २०१३ पासून आपल्याकडे आहे आणि तिच्यात अशी दुहेरी झडप आहे. इंजिन २९६ सीसी, सिलिंडर दोन, प्रत्येकाला ३२ मिमीचा थ्रॉटल. फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत घेते, म्हणजे ३००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त साधारण ४४४ लिटर आणि ११००० ला तब्बल १६२८ लिटर. ३२ मिमीचं भोक ह्या १६२८ साठी ठेवलेलं आहे. खालच्या आरपीएमला इंजिनाला एवढ्या मोठ्या भोकाची गरजच नसते, चकती थोडीशी तिरकी झाली तरी त्याला हवी तेवढी हवा मिळून जाते, त्यामुळे तिथे तुम्ही मूठ पूर्ण पिळली काय आणि पाव पिळली काय, हवा जवळपास तेवढीच जाते.

पण एकदम पिळल्यावर दुसरंच काहीतरी बिघडतं. बंद चकतीच्या पलीकडे इंजिनाने व्हॅक्यूम तयार केलेला असतो, तो झटक्यात नाहीसा होतो. हवेचा वेग पडतो. व्हॅक्यूममध्ये पेट्रोलची वाफ पटकन होते, दाब वाढला की तेच पेट्रोल पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या, भिंतीला चिकटून बसतं, म्हणजे हवा लगेच आत पोचते आणि पेट्रोल मागे रेंगाळतं. मिश्रण क्षणभर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, गाडी गुदमरते, तोवर ईसीयू जास्तीचं पेट्रोल सोडतो आणि मग बसतो तो हिसका. मित्राच्या गाडीचं नेमकं हेच चाललेलं.

गंमत म्हणजे कार्बोरेटरच्या काळात हा प्रश्न आपोआप सुटलेला होता. करिझ्मा, पल्सर १८० वगैरेंच्या सीव्ही प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये मूठ फक्त खालची चकती उघडायची, वरचा पिस्टन (इंजिनातला नव्हे, हवेची वाट कमीजास्त करणारा सरकता तुकडा) उचलायचं काम रबरी डायफ्रॅम आणि इंजिनाचा व्हॅक्यूम करायचे. तुम्ही कितीही घाई करा, इंजिन ओढेल तेवढंच भोक उघडणार. (डायफ्रॅम फाटला की गाडीचा आरपीएम वर चढायचाच नाही, ते दुखणं ज्यांनी भोगलंय त्यांना हे लगेच पटेल.) इंजेक्शन आलं तेव्हा तो समजूतदार पिस्टन गेला आणि मूठ थेट हवेला जोडली गेली. सुझुकीने २००० सालच्या जीएसएक्स-आर ७५० मध्ये दुहेरी थ्रॉटल दिला तो ही उणीव भरायला. दुसरी चकती म्हणजे मोटरवर चालणारा तोच जुना पिस्टन समजा. तुम्ही मूठ फाडकन उघडता, ती मात्र इंजिनाच्या चालीने उघडते, हवेचा वेग टिकतो, दाब हळूहळू चढतो आणि ईसीयूला पेट्रोलचा हिशोब जुळवायला वेळ मिळतो. वरच्या आरपीएमला ती सरळ उभी राहते आणि अडवते ती फक्त चकतीच्या जाडीएवढी हवा. पिकअप चोरते म्हणणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी बघावं. चकत्या काढल्यावर गाडी तेज वाटते खरी, पण ते बरंचसं हिसक्यामुळे वाटतं, आणि पेट्रोलचा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं हा ईसीयूतला तक्ता, तर चकत्या आहेत असं धरूनच बनवलेला असतो, तो नव्याने बसवल्याशिवाय गाडी लीन चालणार हे नक्की.

कारमध्येही दुसरी झडप होती पण कारण वेगळं. नव्वदच्या दशकातल्या टोयोटा सुप्रा किंवा बीएमडब्ल्यूच्या काही मॉडेल्समध्ये मागची चाकं घसरायला लागली की पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असला तरी ती झडप मिटायची आणि ताकद कमी व्हायची. आता बऱ्याच गाड्यांत हे राइड-बाय-वायरने मागे टाकलंय, २००६ च्या यामाहा आर६ पासून मुठीला केबल असली तरी चकती मोटरच फिरवते, मग दुसरी कशाला हवी.

मित्राच्या गाडीला भंगारातल्या थ्रॉटल बॉडीच्या चकत्या मिळाल्या. स्क्रू बसवताना हात थरथरत होता, कारण तो सुटला तर सरळ इंजिनात, म्हणून प्रत्येकाला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलं. मग किल्ली फिरवली, बारीक घर्र आवाज आला, मोटरवरच्या त्या दोन्ही चकत्या एकदम झोपल्या, उभ्या झाल्या आणि आपल्या जागेवर येऊन थांबल्या. तुमच्या गाडीत ह्या असतील तर एअरफिल्टर बदलताना एवढं नक्की बघा. काजळी दिसली तर फडक्यावर क्लीनर मारून पुसा, पण बोटाने चकती ढकलू नका, मोटरचे नाजूक गिअर आणि सेन्सरचं सेटिंग दोन्ही बिघडतं आणि मग मीटरवर चेक लाइट लागतो.