अरण्य-साहस उपचार

मानसिक किंवा वर्तनविषयक अडचणींतून जाणाऱ्या किशोरवयीनांना लहान गटाने रानावनात वा वाळवंटात मुक्कामी ठेवून प्रशिक्षित चिकित्सकाच्या देखरेखीखाली दिला जाणारा उपचार. मराठीत याला रूढ शब्द नाही. ‘निसर्गोपचार’ जवळचा वाटतो, पण तो आहार, माती व पाणी यांवर आधारलेल्या चिकित्सेसाठी कधीच पक्का झाला आहे (उदा., उरुळी कांचन येथील आश्रम, १९४६). नुसत्या पदभ्रमणाला वा गिर्यारोहण-शिबिराला ही संज्ञा लावू नये.

उगम : याबाबत एकमत नाही. काही लेखक तो न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्टेट हॉस्पिटलपर्यंत मागे नेतात. तेथे १९०१ च्या सुमारास क्षयाची लागण झालेल्या मनोरुग्णांना आवारातील तंबूंत हलविले असता त्यांची मनःस्थितीही सुधारल्याचे दिसले. मात्र त्यात साहसाचा भाग नव्हता. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यानुसार नाझी जर्मनीतून ब्रिटनमध्ये आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे काढलेली ‘आउटवर्ड बाउंड’ शाळा हा या पद्धतीचा आरंभ होय. बुडालेल्या जहाजांवरील तरुण खलाशी मरत आणि वयस्कर तगून राहत, या होल्ट यांच्या निरीक्षणातून शाळा निघाली, असे बहुतेक पुस्तकांत येते. तथापि ही कथा जपूनच घ्यावी. अमेरिकेत १९६० च्या दशकात हा विचार कोलोरॅडोमार्गे पोहोचला. त्याच दशकाच्या अखेरीस युटामधील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात लॅरी डीन ओल्सेन नापास होणाऱ्या विद्यार्थ्यांना वाळवंटात नेऊ लागले. पुढील उपचार-शिबिरांवर ही छाप स्पष्ट आहे : धनुष्याला बांधलेल्या दोरीने काठी घुसळून विस्तव पाडणे, ताडपत्रीचा आडोसा करणे, एक-दोन रात्री एकट्याने काढणे. हात सोलवटून निघाल्यावर पहिली ठिणगी पडते, तेव्हा मुलाला स्वतःविषयी जे उमगते, तेच उपचाराचे भांडवल.

परिणामकारकता : केली व बेअर यांनी मॅसॅच्यूसेट्समधील १२० बालगुन्हेगारांचा अभ्यास केला. आउटवर्ड बाउंडला गेलेल्या ६० मुलांपैकी वर्षभरात २० टक्के पुन्हा गुन्ह्यात सापडले, तर नेहमीच्या व्यवस्थेतील ६० पैकी ४२ टक्के. पुढील संशोधनाचा भर अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणावर राहिला. हॅटी व सहकाऱ्यांनी (१९९७) ९६ अभ्यासांतून परिणामाचे मान (किती फरक पडला हे दाखविणारा आकडा; शून्य म्हणजे काहीच फरक नाही) ०.३४ काढले. म्हणजे शिबिरानंतरचा सरासरी सहभागी आधीच्या गटातील सुमारे ६३ टक्क्यांच्या पुढे गेला. हे साहस-शिक्षणाचे एकूण मान आहे, केवळ उपचाराचे नव्हे. अनेक लेखांत हा फरक पुसला जातो. विल्सन व लिप्सी (२०००) यांच्या २८ अभ्यासांत बालगुन्हेगारांसाठी ते ०.१८ भरले. पुन्हा गुन्हा करणारे २९ टक्के, तुलनागटात ३७ टक्के. शिबिरे लांबविल्याने लाभ वाढला नाही. समुपदेशन वा कुटुंबोपचाराची जोड असलेली शिबिरे मात्र सरस ठरली. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हाच निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा : एकट्या डोंगराने काम होत नाही.

बोवेन व नील (२०१३) यांनी १९७ अभ्यासांतून उपचारगटाचे अल्पकालीन मान ०.४७ दिले, तर अन्य उपचार घेणाऱ्यांचे ०.१४ आणि काहीच न मिळालेल्यांचे ०.०८. आकडे आश्वासक आहेत. तरी यादृच्छिक वाटणी केलेले (कोणाला उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरविलेले) अभ्यास थोडे आहेत. संकटाच्या टोकाला असताना दाखल झालेले मूल कालांतराने थोडे सावरतेच, हेही गृहीत धरावे लागते. शिवाय शिबिर अर्ध्यावर सोडून गेलेल्यांकडून पाठपुराव्याची प्रश्नावली क्वचितच भरून येते. खासगी शिबिरांतील मुले बहुधा सधन घरांतील असल्याने त्यांचे निष्कर्ष सरसकट सर्वांना लावता येत नाहीत.

धोके : अमेरिकेच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २००७ मध्ये किशोरांच्या निवासी कार्यक्रमांतील छळाच्या हजारो तक्रारींची नोंद घेऊन दहा मृत्यूंची प्रकरणे तपासली, त्यांत अरण्य-शिबिरेही होती. काही मुलांना मध्यरात्री अंथरुणातून उठवून भाड्याच्या माणसांकरवी शिबिरात नेले जाते. ही सक्ती उपचारात मोडते का, हा प्रश्न संशोधकांनी फार उशिरा हाती घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील एका शिबिरात बारा वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री दगावला. राज्याने त्या शिबिराचा परवाना त्याच वर्षी रद्द केला.