चढावर फसणारा सेन्सर

कच्च्या रस्त्यावर गाडीची बॉडी सेकंदाला साधारण दीड वेळा डुलते, चाक दहा-बारा वेळा थडथडते. शॉकॲब्सॉर्बर घट्ट ठेवला तर डुलणं थांबतं, पण प्रत्येक दगड कण्यात बसतो. सैल ठेवला तर गाडी होडीसारखी हेलकावते.

यावर १९७४ साली अभियंते डीन कार्नॉप आणि सहकाऱ्यांनी ‘स्कायहुक’ नियम मांडला. बॉडी वर चालली आहे आणि चाकापासून लांबही जाते आहे, तर शॉकॲब्सॉर्बरमधला, कॉम्प्युटरने चालणारा व्हॉल्व्ह घट्ट करा. बॉडी वर चालली असताना चाक तिच्या जवळ येत असेल तर सैल सोडा, नाहीतर शॉकॲब्सॉर्बरच तिला आणखी वर ढकलेल. खाली जाताना हेच उलटं. व्हॉल्व्ह चपळ हवा: चाकाचं एक थडथडणं १०० मिलिसेकंदांचं, त्यात २५ मिलिसेकंद उशीर झाला तर पाव फेरा हुकलाच.

खरी अडचण बॉडीचा उभा वेग कळण्यात आहे. तो थेट मोजता येत नाही, ॲक्सेलरोमीटरच्या (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरच्या) आकड्यांची बेरीज करून काढावा लागतो. सपाटीवर उभ्या गाडीत हा सेन्सर गुरुत्वाचे ९.८१ दाखवतो, २० अंशांच्या चढावर गाडीबरोबर कलल्यामुळे ९.२२. फरक ०.५९ मीटर प्रति सेकंद वर्ग. पाच सेकंद बेरीज होत राहिली की कॉम्प्युटरला वाटतं, बॉडी जवळपास ३ मीटर प्रति सेकंद वेगाने खाली कोसळते आहे! मग तो दगडावर चाक दबताना व्हॉल्व्ह घट्ट करतो आणि उसळी येताना सैल सोडतो. नेमकं नको तेच. चढावर गाडी अचानक हाडं खिळखिळी करू लागली, तर आधी इथे शोधावं.

नुसता ०.२ हर्ट्झचा (सेकंदाला ०.२ फेऱ्यांहून संथ बदल गाळणारा) साधा फिल्टर पुरत नाही; त्यानंतरही सुमारे ०.४७ मीटर प्रति सेकंदाची चूक उरते. फिल्टर १ हर्ट्झपर्यंत चढवला तर चूक घटते, पण दीड हर्ट्झच्या डुलण्यावरचा निर्णय फेऱ्याच्या ३६० पैकी सुमारे ३४ अंश आधीच होतो. म्हणून आधी जायरो (वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर) आणि आडव्या ॲक्सेलरोमीटरांवरून गाडीचा कल काढावा, गुरुत्वाचा तेवढा भाग वजा करावा, मगच फिल्टर.

चाक बम्प स्टॉपच्या (हालचालीच्या टोकाला असलेल्या अडथळ्याच्या) जवळ आलं की मात्र स्कायहुक बाजूला ठेवून व्हॉल्व्ह घट्ट करायचा. त्यासाठी चाक आणि बॉडीमधलं अंतर मोजणारा हाइट सेन्सर अचूक हवा. त्याची बारीक दांडी दगडाने वाकली किंवा सांध्यात चिखल वाळला, तर कॉम्प्युटरला उरलेली हालचाल चुकीची कळते आणि चाक धाडकन आपटतं. दांडी चाक धरणाऱ्या आर्मच्या आडोशाला, वरच्या अंगाला बसवावी.