दोरा पुढे, दोन एकत्र: विणकामाच्या पुस्तकांमागचा इतिहास

लोकरीच्या विणकामाचं किंवा क्रोशाचं नवं पुस्तक हातात पडलं की नवखा माणूस फोटो बघतो. मुरलेली विणणारी फोटो उलटून सरळ तक्त्याकडे जाते: टाके किती घालायचे, १० सेंटिमीटरात किती बसायला हवेत, मापं कुठपासून कुठपर्यंत दिली आहेत. हल्लीच्या पुस्तकात एकाच स्वेटरची आठ-नऊ मापं असतात. शब्दांत सूचना असतात, त्याच सूचना चौकटींच्या चार्टवर पुन्हा असतात, प्रत्येक भागाची सेंटिमीटरमधली आकृती असते, आणि कोपऱ्यात फोनने टिपायचा काळा-पांढरा चौकोन असतो, त्यातून व्हिडिओ उघडतो. एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगायची ही पद्धत एका दिवसात आलेली नाही. हाताची हालचाल कागदावर उतरवणं मुळातच अवघड. बुटाची नाडी कशी बांधायची हे न दाखवता, नुसतं लिहून सांगून बघा, म्हणजे अंदाज येईल.

विणकाम त्याच्या पुस्तकांपेक्षा खूप जुनं आहे. फ्लॉरेन्सची एलेनोर दी तोलेदो १५६२ मध्ये वारली, तेव्हा तिला लाल रेशमाचे हातविणीचे मोजे घालून पुरलं होतं. ते आजही जपून ठेवलेले आहेत आणि त्यांत उलट-सुलट टाक्यांची नक्षी आहे. ते विणणाऱ्यानं नमुना कुठल्या पानावरून वाचला असेल हे संभवत नाही, कारण तशी पानंच नव्हती. कला शेजारी बसून शिकायची आणि नमुना जपायचा तो विणून. जर्मन भाषक प्रदेशात पुढे हातभर लांब पट्ट्या विणून ठेवत: एका नक्षीच्या चार बोटं ओळी झाल्या की पुढची नक्षी, मग तिच्या पुढची. हवी ती नक्षी टाके मोजून उतरवून घ्यायची आणि पट्टी गुंडाळून पेटीत टाकायची. हेच तेव्हाचं नमुनापुस्तक, आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात प्रामाणिक, कारण त्यात छपाईची चूक राहू शकत नाही.

छापील नमुन्यांची सुरुवात भरतकामापासून झाली. १५२० च्या दशकात आउग्सबुर्गला योहान शोन्सपर्गर या मुद्रकानं नक्ष्यांची पुस्तिका काढली आणि पाहता पाहता युरोपभर अशी पुस्तकं निघाली. त्यांत सूचना अशी एकही ओळ नसे, नुसती चित्रं. कापडावर नक्षी उतरवायला पानाला टाचणीनं भोकं पाडून वरून पूड चोळायची पद्धत होती, त्यामुळे जे पुस्तक आवडलं ते वापरून वापरून फाटलं. आज हाती लागतात त्या प्रती बहुधा कमी आवडलेल्या असाव्यात, असा एक खट्याळ विचार मनात येतो. यातल्या काही नक्ष्या चौकटींच्या कागदावर काढलेल्या असत. एक चौकट म्हणजे एक टाका हा हिशेब भरतकाम, जाळीकाम आणि विणकाम तिन्हींना चालतो. आपल्या चार्टचा पूर्वज तोच.

शब्दांतली सूचना आली ती भलत्याच ठिकाणी. लंडनमध्ये १६५५ साली ‘नॅचुरा एक्सेंटेराटा’ नावाचं पुस्तक निघालं. ते मुख्यतः औषधांच्या कृतींचं, आणि त्यातच पायमोजा कसा विणायचा याची इंग्रजीतली पहिली छापील कृती आहे. वाचायला ती अतिशय किचकट. खुणा नाहीत, संक्षेप नाहीत, वाक्य संपता संपत नाही. ज्याला मोजा विणता येतो त्यालाच ती कळावी.

त्यानंतर दीडशे वर्षं या बाजूला फारसं काही घडलं नाही. १८०० मध्ये लाइपझिगला नेट्टो आणि लेमान या दोघांनी विणकामावर चार्टसकट ग्रंथ काढला. क्रोशाचे पहिले छापील नमुने १८२० च्या दशकात ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात आले. ते छोट्या बटव्यांचे होते. क्रोशाचा जन्म कुठला यावर वाद घालणारे भरपूर आहेत, पण छापील पुरावा तिथून पुढचाच.

खरी उसळी आली ती १८३० आणि ४० च्या दशकांत, ब्रिटनमध्ये. छपाई स्वस्त झाली होती, मऊ रंगीत लोकर सहज मिळू लागली होती, आणि मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांना फुरसतीचं शोभेल असं काम हवं होतं. एडिनबरात जेन गोगेन आणि तिचा नवरा शिवणकाम-विणकामाच्या सामानाचं दुकान चालवत. गिऱ्हाईक लोकर घेई आणि विचारी, आता याचं करू काय? त्यातून १८४० मध्ये तिचं विणकाम, जाळीकाम आणि क्रोशाचं जाडजूड पुस्तक आलं. तिनं केलेली मोठी गोष्ट म्हणजे संक्षेप. प्रत्येक क्रियेला एक अक्षर. अक्षरं कमी पडली तर तीच उलटी छापायची. आज ते पान बीजगणितासारखं दिसतं, पण कल्पना पक्की होती: ‘सुईवरचे दोन टाके एकत्र घेऊन एक सुलट विणावा’ हे ओळीत सहा वेळा लिहिण्यापेक्षा एक खूण सहा वेळा लिहावी.

घोळ असा की प्रत्येकीनं आपापल्या खुणा ठरवल्या. १८४० च्या दशकात फ्रान्सिस लॅम्बर्ट, कॉर्नेलिया मी, एलेओनोर रिएगो द ला ब्रांशारदिएर अशा लेखिका एकापाठोपाठ एक पुस्तकं काढत होत्या आणि त्यांच्यात चुरस होती. लॅम्बर्ट बाईंनी दुसऱ्याच दुखण्यावर बोट ठेवलं. सुईची जाडी सगळीकडे सारखी नसेल तर टाक्यांचा आकडा देऊन उपयोग काय? त्यांनी सुया मोजायची भोकांची पट्टी पुढे आणली. तरी मापं एक झाली नाहीत ती नाहीतच. ४ मिलिमीटरची सुई जुन्या ब्रिटिश मोजणीत ८ नंबरची आणि अमेरिकन मोजणीत ६ ची. शिवाय ब्रिटिश आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकन आकडा वाढतो तशी जाड. जुनं पुस्तक उघडलं की हा तक्ता शेजारी लागतोच.

क्रोशाची गत याहून वाईट, कारण तिथे टाक्यांची नावंच दोन देशांत वेगळी पडली. आपण ज्या बुटक्या टाक्याला मुका खांब म्हणतो तो अमेरिकन पुस्तकात ‘सिंगल क्रोशे’ आणि ब्रिटिश पुस्तकात ‘डबल क्रोशे’. आपला त्याहून उंच, साधा खांब अमेरिकेत ‘डबल’, ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. म्हणजे ‘डबल’ हा एकच शब्द दोन्हीकडे आहे आणि अर्थ दोन. मी एकदा अमेरिकन पुस्तक ब्रिटिश समजून आख्खी शाल विणली. प्रत्येक खांबाच्या जागी मुका खांब पडत गेला आणि शेवटी हाती आला तो जेमतेम मफलर. मराठीतली साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब ही नावं या घोळातून सुटलेली आहेत, आणि टाका दिसतो कसा हेही ती सांगतात.

रिएगो बाईंचं नाव आयरिश क्रोशे लेसशी जोडलेलं आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि भीषण दुष्काळ पडला. कॉर्कजवळची मठवासी भगिनींची शाळा, क्लोन्समध्ये कॅसँड्रा हँड यांचं काम अशा ठिकाणी गरीब बायकामुलींना क्रोशे शिकवून चार पैसे मिळवून देण्याची खटपट झाली. गुलाब, पानं, वेली सुट्या विणायच्या आणि मग मधली जाळी भरून जोडायच्या, त्यामुळे एका कॉलरवर चार घरांचे हात चालत. या बायकांना छापील पुस्तक वाचायची गरज पडत नसे. नमुना बघून उतरवायचा आणि जमलेली नक्षी घरात ठेवायची. त्याच वेळी शहरातल्या दिवाणखान्यांत तीच लेस पुस्तकातून विणली जात होती. नमुनापुस्तकांचा इतिहास लिहिताना हा दुसरा, पुस्तकाबाहेरचा प्रवाह हमखास सुटतो.

१८८६ मध्ये तेरेझ द दिलमोंत यांचा सुईकामाचा कोश आला. मुलूझच्या डीएमसी या दोरा कंपनीशी त्यांचं काम बांधलेलं होतं. तो अनेक भाषांत गेला आणि आजही छापला जातो. त्यातली चित्रं बघताना जाणवतं की हात कुठे आणि दोरा कुठून येतो हे कुणीतरी मन लावून काढलं आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पैसे कुणाचे. इथून पुढे दोरा आणि लोकर विकणारेच नमुन्यांचे प्रकाशक झाले. विसाव्या शतकात पॅटन्स अँड बाल्डविन्ससारख्या कंपन्यांनी दोन-चार पानी पत्रकांचा पाऊस पाडला. पत्रक जवळजवळ फुकट, कमाई लोकरीवर. साहजिकच पत्रकात कंपनीचीच लोकर, तिचाच रंग आणि इतके गुंडे घ्या म्हणून आकडा. स्वेटरचा आकार का जमतो हे समजावण्यात कंपनीला रस नव्हता. ओळ १, ओळ २, ओळ ३ असं ११८ पर्यंत लिहिलं की काम भागलं. दोन महायुद्धांत ही पत्रकं सैनिकांच्या मोज्यांसाठी आणि कानटोप्यांसाठी घरोघर पोचली. मोज्याचं टोक शिवण न दिसता जोडायच्या पद्धतीला किचनर या ब्रिटिश सेनानीचं नाव चिकटलं ते पहिल्या महायुद्धापासून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं विणकामाचे नमुने परदेशी टपालानं पाठवायला बंदी घातली होती. अक्षरं आणि आकड्यांच्या त्या ओळींत गुप्त संदेश लपवता येईल अशी भीती होती, आणि ‘३सु, दोपु, २ए’ हे पाहिल्यावर ती अगदीच खुळी म्हणवत नाही.

त्या ओळीतच थोडं थांबू. ‘३सु’ म्हणजे तीन सुलट टाके. ‘दोपु’ म्हणजे ‘दोरा पुढे’: तो घेतला की सुईवर एक टाका वाढतो आणि खाली भोक पडतं. ‘२ए’ म्हणजे ‘दोन एकत्र’: ते विणले की एक कमी होतो. एक वाढला, एक गेला, रुंदी तीच राहिली, फक्त जाळी उमटली. हे ज्याला समजलं त्याला ११८ ओळी वाचाव्या लागत नाहीत, तो कापडाकडे बघूनच पुढचा टाका ओळखतो. पत्रकांनी लाखो लोकांना स्वेटर विणायला लावला, पण ही समज फारशी दिली नाही.

ती देणारी पुस्तकं निघाली ती थोडी वाट वाकडी करून. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये मेरी थॉमस यांनी विणकामाची रचना उलगडून सांगितली. अमेरिकेत बार्बरा वॉकर यांनी १९६८ मध्ये ५०० हून अधिक नक्ष्यांचा खजिना एका पुस्तकात भरला. त्यात स्वेटर नाही, टोपी नाही, नुसत्या नक्ष्या. पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि एलिझाबेथ झिमरमन. त्यांनी नळीसारखा गोल विणायला दिलेला स्वेटर मासिकाच्या संपादकांनी सपाट तुकड्यांचा करून छापला, तेव्हा वैतागून त्यांनी १९५८ मध्ये आपलंच पत्रक सुरू केलं. १९७१ च्या पुस्तकात त्या सांगतात की आकडे पाठ करू नका, प्रमाण लक्षात ठेवा. इंचाला ५ टाके आणि छाती ४० इंच, म्हणजे २०० टाके. मनगटाशी त्याचे २० टक्के, ४०. गळ्याशी ४० टक्के, ८०. लोकर कोणतीही घ्या, सुई कोणतीही घ्या. लोकरीच्या कंपनीला हे आवडायचं कारण नव्हतं!

जपाननं मात्र वेगळंच उत्तर काढलं. तिथे विणकामाच्या चिन्हांना राष्ट्रीय औद्योगिक मानकच आहे, त्यामुळे कुठल्याही प्रकाशकाचं पुस्तक घ्या, चिन्हं तीच. गोल म्हणजे दोरा पुढे. तिरकी रेघ ज्या बाजूला झुकते त्या बाजूला टाका झुकतो. चार्ट म्हणजे सुलट बाजूनं दिसणारं कापड, खालून वर वाचायचं. क्रोशाच्या चार्टमध्ये तर खांब उभ्या दांडीसारखा आणि साखळी लंबगोल दिसते, त्यामुळे डोळा शब्दांशिवायच वाचतो. हितोमी शिदा यांच्या नक्ष्यांचं पुस्तक २०१७ मध्ये इंग्रजीत आलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून जपानीचं एक अक्षर न येणारे लोक मूळ पुस्तकं मागवून विणत होते. गोगेन बाईंच्या उलट्या अक्षरांपासून निघालेली गोष्ट इथे पूर्ण झाली असं मला वाटतं.

२००७ मध्ये रॅव्हेल्री हे संकेतस्थळ सुरू झालं आणि नमुना पुस्तकातून सुटला. एक टोपी, एक पीडीएफ, थेट रचनाकाराकडून. यानं पुस्तकं संपतील असं अनेकांना वाटलं होतं. झालं वेगळंच, पुस्तकं जास्त काटेकोर झाली. ऑनलाइन नमुन्यात चूक असली तर संध्याकाळपर्यंत शंभर जण कळवतात. म्हणून छापण्याआधी आकडे तपासणारा संपादक आणि नमुना विणून बघणारे हात ही पद्धत रुळली, आणि पुस्तकांनीही ती उचलली. मापं वाढली, शब्द आणि चार्ट दोन्ही देणं आलं, लोकरीची जाडी ० ते ७ अशा ठरीव आकड्यांत सांगणं आलं. १० सेंटिमीटरचा तुकडा आधी विणून बघा, हा आग्रहही. तो कंटाळवाणा वाटतो खरा. पण पुस्तक २२ टाके म्हणतं आणि तुमचे २० बसतात, तर २२० टाक्यांचा स्वेटर १०० च्या जागी ११० सेंटिमीटर होतो.

गेल्या काही वर्षांत विक्रीच्या यादीत एक नवा प्रकार घुसला आहे: यंत्रानं लिहिलेली पुस्तकं, यंत्रानंच काढलेल्या चित्रांसह. मुखपृष्ठावर गोंडस क्रोशाचा कोल्हा, पण नीट पाहिलं तर त्याच्या कानावरचे टाके एकमेकांत विरघळलेले, ना सुईचे ना क्रोशाचे. आतल्या सूचना वरवर बरोबर वाटतात. गोल डोकं सहा टाक्यांपासून सुरू होतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात वाढ, म्हणजे एकाच टाक्यात दोन, १२. तिसरीत एक मुका खांब आणि एक वाढ, सहा वेळा, १८. चौथीत दोन मुके खांब आणि एक वाढ, सहा वेळा. इथे २४ यायला हवेत. पुस्तकात छापलेलं असतं ३०, आणि पाचव्या फेरीला काही कमी न करताच २७. पेन्सिलीनं बेरीज केली तर विकत घेण्याआधी कळतं, सुईवर घेतलं तर पाचव्या फेरीपाशी उसवावं लागतं.